पहिला पगार आणि घराचा जमाखर्च

तमिळनाडूतील तंजावूर शहराच्या मध्यभागी एक जुना राजवाडा उभा आहे. नायक राजांनी त्याची उभारणी सुरू केली आणि पुढे भोसले घराण्यातील मराठी राजांनी त्यात भर घातली. दरबार महाल, उंच घंटा मनोरा आणि सरस्वती महाल ग्रंथालय ही या परिसराची ठळक ओळख होय. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे आपले राज्य स्थापन केले. तेव्हापासून सुमारे १८० वर्षे या राजवाड्यात मराठी बोलली गेली, मराठीत ग्रंथ रचले गेले आणि दैनंदिन हिशेबही मराठीतच लिहिले गेले.

या शेवटच्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तंजावूरच्या संग्रहांत मोडी लिपीतील कागदांचे शेकडो गठ्ठे जतन केलेले आहेत. त्यांत युद्धाच्या किंवा विजयाच्या वार्ता थोड्या, जमाखर्चाच्या नोंदीच अधिक आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांना या नोंदी मोलाच्या वाटतात. कारण घराणे राजाचे असो वा सामान्य माणसाचे, त्याचे खरे जीवन त्याच्या जमाखर्चात उमटते.

पहिली चांगल्या पगाराची नोकरी लागलेल्या तरुणाला किंवा तरुणीलाही हेच सूत्र लागू पडते. पगार किती मिळतो यावरून माणसाची मिळकत कळते. मात्र तो पगार कसा वाटला जातो, यावरून त्याचे पुढील आयुष्य ठरते.

ठरावीक उत्पन्नाचा राजा

तंजावूरच्या इतिहासात ठरावीक उत्पन्नाचे एक विलक्षण उदाहरण आढळते. दुसरे सरफोजी राजे यांचा जन्म १७७७ मध्ये झाला आणि १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहानुसार राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला व लगतचा परिसर तेवढा राहिला. त्या बदल्यात त्यांना दरवर्षी १ लाख स्टार पगोडे आणि प्रांताच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा, असे ठरले. स्टार पगोडा हे त्या काळचे दक्षिणेतील सोन्याचे नाणे होते आणि त्याची किंमत सुमारे साडेतीन रुपये होती. त्या वेळी सरफोजी राजांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

सत्ता गेली आणि हाती नेमून दिलेली रक्कम आली. ती रक्कम मोठी होती. तथापि इच्छा झाली म्हणून ती वाढवता येत नव्हती. नवा कर बसवणे किंवा नवा मुलूख जिंकणे आता शक्य नव्हते. अशा स्थितीत केवळ थाटमाट आणि समारंभ यांतच सारे उत्पन्न संपवणे सोपे होते. दरबाराचा मान राजांनी राखलाच. पण त्याच वेळी उत्पन्नाचा काही भाग त्यांनी टिकाऊ कामांकडे वळवला. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ आणून भर घातली. १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी अक्षरांचा छापखाना सुरू झाला. यात्रेकरूंसाठी असलेली छत्रे, म्हणजे अन्न व निवारा देणाऱ्या धर्मशाळा, त्यांनी चालू ठेवली आणि १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे एक नवे छत्र उभारले. या छत्रांच्या खर्चासाठी स्वतंत्र गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे. त्यामुळे दरबारात त्या वर्षी काय खर्च झाला, यावर वाटसरूचे जेवण अवलंबून राहत नसे.

या इतिहासातून आजच्या नोकरदाराला दोन गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की, राजांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. १ लाख पगोडे ही रक्कम निश्चित होती, तर महसुलाचा पाचवा हिस्सा पीकपाण्यानुसार कमीअधिक होणारा होता. आजच्या पगारातही मूळ वेतन निश्चित असते. बोनस, जादा कामाचा मोबदला किंवा प्रोत्साहन भत्ता मात्र अनिश्चित असतो. घरभाडे, किराणा आणि कर्जाचे हप्ते हे दरमहाचे खर्च निश्चित भागातूनच भागले पाहिजेत. अनिश्चित भागावर विसंबून कायमचा खर्च वाढवणारा मनुष्य पहिल्याच वाईट वर्षी अडचणीत येतो.

दुसरी गोष्ट छत्रांच्या व्यवस्थेतून लक्षात येते. जो खर्च चुकता कामा नये, त्यासाठी पैसा आधीच वेगळा काढलेला असावा. उरले तर देऊ, या विचारावर कोणतेही छत्र वर्षानुवर्षे चालत नाही आणि कोणतीही बचतही होत नाही.

कर्जाने गेलेली सत्ता

सरफोजी राजांच्या वाट्याला आलेली स्थिती एका दिवसात निर्माण झाली नव्हती. त्यांचे दत्तक पिता तुळजा राजे यांच्या काळात अर्काटच्या नवाबाने तंजावूरवर खंडणीचा हक्क सांगितला. १७७१ च्या युद्धानंतर मोठी रक्कम देण्याचे ठरले. ती वेळेवर फेडता आली नाही आणि थकबाकी हे एक कारण पुढे करून १७७३ मध्ये नवाब व कंपनी यांच्या फौजांनी तंजावूर घेतले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले खरे. पण त्याबरोबर कंपनीला दरवर्षी मोठी रक्कम देण्याचे बंधन आले. पुढे १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने कावेरीकाठची शेती उद्ध्वस्त झाली. देणे तसेच राहिले आणि ते देण्याचे साधनच खचले.

यात सर्व दोष राज्यकर्त्यांचा होता असे म्हणता येणार नाही, कारण युद्धे त्यांच्यावर लादली गेली होती. तरीही या घटनांतून कर्जाचा स्वभाव स्पष्ट होतो. देणे ठरलेल्या तारखेला मागितले जाते. उत्पन्न मात्र ठरलेल्या तारखेला येईलच असे नसते. या दोहोंमधील अंतर वाढत गेले की निर्णय घेण्याचा अधिकार हळूहळू देणेकऱ्याकडून घेणेकऱ्याकडे जातो. ही गोष्ट राज्याच्या बाबतीत जितकी खरी आहे, तितकीच एका घराच्या बाबतीतही खरी आहे.

पगाराचा कागद वाचणे

आता आजच्या काळातील एक काल्पनिक उदाहरण पाहू. राजवाड्याच्या परिसरातील एका मराठी कुटुंबात एक मुलगी आहे. घरात मराठी, शाळेत तमिळ आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांत ती वाढली. वडिलांचे छोटे दुकान आहे, आई शिवणकाम करते आणि धाकटा भाऊ शिकत आहे. शैक्षणिक कर्ज काढून तिने पदवी घेतली आणि तिला चेन्नईत नोकरी मिळाली. नियुक्तिपत्रात वार्षिक ५,४०,००० रुपये असा आकडा आहे. घरातील सर्वांनी त्याला १२ ने भागले आणि दरमहा ४५,००० रुपये येणार असे गृहीत धरले. वडिलांनी दुकानाची दुरुस्ती मनात योजली, आईने सोन्याची साखळी योजली आणि भावाने नवा फोन योजला.

प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात तिच्या खात्यावर ३६,५०० रुपये जमा झाले. यात कोणी फसवणूक केलेली नव्हती. नियुक्तिपत्रातील आकडा हा मालकाला त्या पदासाठी येणारा एकूण खर्च असतो. तिचे मूळ वेतन २४,००० रुपये होते. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,८८० रुपये, मालकाने भविष्य निर्वाह निधीत भरायचे होते आणि दरमहा सरासरी २,१२० रुपये हा वर्षाअखेर मिळणारा बोनस होता. हे दोन्ही वजा जाता ४०,००० रुपये उरले. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचे निर्वाह निधीचे २,८८० रुपये आणि व्यवसाय कर व गटविमा यांचे मिळून ६२० रुपये कापले गेले.

म्हणून पहिला पगार हाती आल्यावर प्रथम पगारपत्रक नीट वाचावे. हातात येणारी रक्कम किती, कापली गेलेली रक्कम कोठे गेली आणि वर्षातून एकदाच मिळणारी रक्कम कोणती, हे तीन प्रश्न त्यातून सुटले पाहिजेत. निर्वाह निधीत जाणारी रक्कम ही कपात दिसत असली तरी ती बचतच होय. नोकरी बदलताना ही रक्कम काढून खर्च करण्यापेक्षा नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करून घेणे हिताचे असते.

एका पानाचे अंदाजपत्रक

शासनाचे अंदाजपत्रक वर्षाचे असते, घराचे अंदाजपत्रक महिन्याचे असावे. ते एका पानावर मावले पाहिजे आणि घरातील प्रत्येकाला कळले पाहिजे. उदाहरणातील तरुणीने आपल्या ३६,५०० रुपयांची मांडणी पुढीलप्रमाणे केली.

खोलीचे भाडे व वीज : ८,५०० रुपये
जेवणखाण : ६,५०० रुपये
प्रवास : १,५०० रुपये
फोन व इंटरनेट : ५०० रुपये
कपडे, औषधे व किरकोळ गरजा : १,५०० रुपये
घरी पाठवायची रक्कम : ७,००० रुपये
शैक्षणिक कर्जाचा हप्ता : ३,००० रुपये
बचत : ६,००० रुपये
सण, भेटवस्तू व करमणूक : २,००० रुपये
एकूण : ३६,५०० रुपये

या यादीत बचत ही शेवटी उरलेली शिल्लक म्हणून आलेली नाही. भाड्याप्रमाणे तीही एक ठरलेली बाब आहे. पगार जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ६,००० रुपये आपोआप दुसऱ्या खात्यात जावेत, अशी सूचना तिने बँकेला दिली. जो पैसा रोजच्या खात्यात दिसत नाही, तो खर्च करण्याचा मोहही कमी होतो. त्याचबरोबर करमणुकीसाठी २,००० रुपयेही तिने ठेवले. ज्या अंदाजपत्रकात आनंदाला जागा नसते, ते दोन महिन्यांत मोडते.

प्रत्येकाच्या पगाराची विभागणी अशीच असावी असे नाही. जो घरीच राहतो त्याचे भाडे वाचते; ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचा औषधांचा खर्च वाढतो. आकडे बदलतात, रीत मात्र तीच राहते. आधी अत्यावश्यक खर्च, देणी आणि बचत यांची तरतूद करावी आणि नंतर उरलेल्या रकमेत हौस बसवावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण या रीतीचेच सार होय.

घराशी बोलणे

पहिल्या चांगल्या पगारावर केवळ कमावणाऱ्याचीच नव्हे, तर सगळ्या घराची दृष्टी असते. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेले असते. त्यामुळे घरून आलेल्या मागणीला नाही म्हणणे कठीण जाते आणि प्रत्येक मागणी पुरी करणेही अशक्य असते. या कोंडीत सापडून काही तरुण घरच्यांपासून पगार लपवतात, तर काही जण मागेल तेवढे देऊन नंतर गुपचूप उसनवार करतात. दोन्ही मार्गांनी शेवटी मनेच दुखावतात.

उदाहरणातील तरुणीने तिसरा मार्ग निवडला. पोंगलच्या सुट्टीत घरी आल्यावर तिने आपले एका पानाचे अंदाजपत्रक सर्वांसमोर वाचले.

आई म्हणाली, “एवढा पगार, आणि घराला सातच हजार?”

“आई, हे सात हजार दर महिन्याच्या पाच तारखेला येतीलच. तू त्यांवर महिन्याची आखणी कर,” ती म्हणाली. “आणि हे सहा हजार माझ्या चैनीसाठी नाहीत. उद्या बाबांना किंवा मला काही झाले, तर कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून आहेत.”

वडिलांनी तो कागद हातात घेतला, बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली आणि म्हणाले, “दुकानाची दुरुस्ती पुढच्या वर्षी बघू. आधी हे होऊ दे.”

कागदावरील आकडे समोर असले म्हणजे बोलणे मागण्यांभोवती फिरत नाही. ते नियोजनाकडे वळते. कधी तरी अचानक आलेल्या वीस हजारांपेक्षा दरमहा नक्की येणाऱ्या सात हजारांवर घराला अधिक विश्वासाने उभे राहता येते.

संकटकाळची शिदोरी

तंजावूर हा कावेरीच्या खोऱ्यातील भाताचा प्रदेश. धरणात पुरेसे पाणी असल्यास मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि खालच्या भागात कुरुवै हंगामाची पेरणी सुरू होते. पाणी कमी असलेल्या वर्षी हा दिवस पुढे जातो आणि शेतकऱ्याचा हंगाम अडचणीत येतो. या प्रदेशातील लोकांना धान्य साठवण्याचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक होते. पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरै येथे नायक काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही पाहायला मिळते.

नोकरदाराचे कोठार म्हणजे संकटकाळासाठी राखलेला निधी. किमान तीन महिन्यांचा अत्यावश्यक खर्च आणि शक्य झाल्यास सहा महिन्यांचा खर्च त्यात असावा. उदाहरणातील तरुणीचा राहण्या-जेवण्याचा खर्च १८,५०० रुपये, घरी पाठवायचे ७,००० रुपये आणि कर्जाचा हप्ता ३,००० रुपये मिळून दरमहा २८,५०० रुपये लागतात. तीन महिन्यांसाठी ही रक्कम ८५,५०० रुपये होते. बचतीच्या ६,००० रुपयांतील ४,५०० रुपये तिने या निधीसाठी ठेवले. या गतीने तो १९ महिन्यांत पूर्ण होतो. वर्षाअखेर मिळणारा २५,४४० रुपयांचा बोनसही त्यात घातला, तर १४ महिनेच पुरतात.

समजा, अकराव्या महिन्यात वडिलांना अचानक रुग्णालयात ठेवावे लागले आणि ४०,००० रुपये खर्च आला. तोवर दहा महिन्यांत तिच्या निधीत ४५,००० रुपये साठले होते. खर्च भागून ५,००० रुपये उरले आणि पुढच्या महिन्यापासून निधी पुन्हा भरू लागला. हाच निधी नसता, तर ते ४०,००० रुपये कोणाकडून तरी घ्यावे लागले असते. खासगी सावकाराने शेकडा दरमहा ३ रुपये दर लावला असता, तर केवळ व्याजापोटी महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये द्यावे लागले असते, आणि मूळ कर्ज तसेच राहिले असते.

हा निधी शेअर बाजारात किंवा सोन्यात अडकवू नये. बचत खाते किंवा मुदत ठेव अशा, हवा तेव्हा काढता येईल अशाच ठिकाणी तो असावा.

बचत कोठे ठेवावी

संकटकाळचा निधी उभा राहत असतानाच दीर्घ मुदतीच्या बचतीला लहान रकमेने आरंभ करता येतो. टपाल कार्यालयाची पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू होते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ, हे १५ वर्षांचे खाते असून त्यात वर्षाला किमान ५०० रुपये आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. या दोन्ही योजनांच्या मागे शासनाची हमी आहे.

बचत लवकर सुरू करण्याचा लाभ चक्रवाढ व्याजामुळे मिळतो. दरमहा १,५०० रुपये बाजूला टाकले आणि त्यावर वार्षिक ७ टक्के दराने दरमहा व्याज मिळत गेले असे धरले, तर दहा वर्षांत भरलेल्या १,८०,००० रुपयांचे सुमारे २ लाख ६० हजार रुपये होतात. तीच व्यक्ती पाच वर्षे उशिरा सुरुवात करील, तर उरलेल्या पाच वर्षांत भरलेल्या ९०,००० रुपयांचे सुमारे १ लाख ७ हजारच होतात. भरलेली रक्कम निम्मी. पण हाती येणारी रक्कम निम्म्याहून बरीच कमी. जे कमी पडले, ते वेळेने मिळवून दिले असते.

तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही सोन्याला बचत मानण्याची प्रथा आहे. सोने अडीअडचणीला उपयोगी पडते, यात शंका नाही. तथापि दागिना करताना दिलेली घडणावळ तो विकताना परत मिळत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. हौस म्हणून दागिना करावा. मात्र सारी बचत दागिन्यांत गुंतवू नये.

महाराष्ट्रात जिला भिशी म्हणतात, तिलाच तमिळनाडूत चिट्टू म्हणतात. अशा चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा असून त्यांची नोंदणी आवश्यक असते. ओळखीच्या माणसाने सांगितले एवढ्यावर न थांबता नोंदणी पाहावी आणि नंतरच पैसे भरावेत.

बडे नाव म्हणजे सुरक्षितता नव्हे, याचे एक जुने उदाहरण मद्रासमध्येच घडले. आर्बथनॉट आणि कंपनी ही तेथील नामांकित इंग्रज पेढी होती. जादा व्याजामुळे हजारो लोकांनी तिच्यात ठेवी ठेवल्या होत्या. ऑक्टोबर १९०६ मध्ये ती बुडाली आणि अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. या आघातानंतर तंजावूर जिल्ह्यात जन्मलेले वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये इंडियन बँक स्थापन झाली. भारतात बँकठेवींना विम्याचे संरक्षण मिळण्यास मात्र १९६२ साल उजाडले. फेब्रुवारी २०२० पासून विमाधारक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या एकूण ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना हे संरक्षण आहे. इतरांहून फार अधिक व्याज देऊ करणाऱ्याला, एवढे व्याज कोठून देणार, असा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

न दिसणारा खर्च

२०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून फोनवरून पैसे देणे सोपे झाले. चहाचे २० रुपये आणि कपड्यांचे २,००० रुपये सारख्याच सहजतेने जातात. नोट हातातून जाताना जे जाणवते, ते येथे जाणवत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर खरेदीवर व्याज लागत नाही. पण केवळ किमान रक्कम भरून २०,००० रुपये थकवले आणि दर महिन्याला साडेतीन टक्के धरला, तर एका महिन्याचे व्याजच ७०० रुपये होते.

यावर जुना उपाय अद्याप उत्तम आहे. मराठी हिशेबपद्धतीत रोजच्या व्यवहारांच्या वहीला रोजकीर्द आणि बाबवार मांडणीला खतावणी म्हणतात. रोज रात्री पाच मिनिटे काढून त्या दिवसाचा खर्च वहीत किंवा फोनमध्ये लिहावा आणि महिनाअखेर तो अंदाजपत्रकाशी ताडून पाहावा. पहिल्या महिन्यात अंदाज चुकतोच. तिसऱ्या महिन्यापर्यंत पैसा कोठे गळतो हे स्पष्ट दिसू लागते.

कमावणाऱ्याच्या पश्चात

तंजावूरच्या राजघराण्याची कथा सरफोजी राजांपाशी संपत नाही. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र शिवाजी राजे गादीवर आले. १८५५ मध्ये पुरुष वारस नसताना शिवाजी राजे निवर्तले. कंपनीने राज्य खालसा झाल्याचे घोषित केले आणि राजवाड्यातील खासगी संपत्तीही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावून तो जिंकला. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजकुटुंबाला परत केली. मधली वर्षे मात्र राजवाड्यातील स्त्रियांना अनिश्चिततेत काढावी लागली.

एका व्यक्तीच्या नावावर येणारे उत्पन्न त्या व्यक्तीबरोबर थांबते, हा या घटनेचा अर्थ आहे. म्हणून बँक खाते, भविष्य निर्वाह निधी आणि विमा या प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन करावे. ज्याच्यावर आईवडील किंवा भावंडे अवलंबून आहेत, त्याने कमी हप्त्यात अधिक संरक्षण देणारा मुदतीचा आयुर्विमा घ्यावा. आरोग्यविमा घेतलेला असेल, तर आजारपणाचा सारा भार साठवलेल्या निधीवर पडत नाही. सर्व कागदपत्रांची एक यादी करून ती कोठे ठेवली आहे हे घरातील निदान एका माणसाला सांगून ठेवावे.

सरफोजी राजांच्या काळातील पगोडे कधीच चलनातून गेले. दरबारातील समारंभांची आठवणही पुसट झाली. पण त्यांनी जोपासलेला ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि सरस्वती महाल या नावाने आजही वाचक व अभ्यासक त्याचा लाभ घेत आहेत. ठरावीक उत्पन्नातून वेगळा काढलेला तो भाग राजालाही टिकून उरला आणि राज्यालाही.

राजवाड्याजवळच्या त्या काल्पनिक घरातही तेच घडत आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या पाच तारखेभोवती आईने वर्तुळ काढले आहे. आणि चेन्नईतील खोलीत, दिवा मालवण्यापूर्वी, एका लहानशा वहीत त्या दिवसाचा खर्च लिहिला जातो.